दीर्घिकासमूहांचे वजन करणारा प्रकाश

विश्वातल्या बहुसंख्य दीर्घिका एकट्यादुकट्या नसतात, गोतावळ्यात असतात. आपली आकाशगंगा, सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवरची देवयानी, एम ३३ आणि डझनावारी बटू दीर्घिका मिळून आपला ‘स्थानिक समूह’ झाला आहे. याहून भरभक्कम समूहांचे वस्तुमान १० लाख कोटी ते १०० लाख कोटी सूर्यांइतके भरते. शेकडो-हजारो दीर्घिकांचे अवाढव्य गुच्छ डोळ्यांत भरतात, त्यामुळे अभ्यासकांचे लक्षही आधी तिकडेच गेले. समूह मात्र बराच काळ उपेक्षित राहिले. दीर्घिकांची जडणघडण समजून घ्यायची, तर या मधल्या पायरीला वगळून चालत नाही.

अडचण होती ती वजन करण्याची. समूहातल्या दीर्घिकांच्या वेगांवरून वस्तुमान काढता येते. पण सदस्य जेमतेम पाच-दहा असले, तर गणित डळमळीत होते. त्यात एखादी दीर्घिका केवळ त्याच दिशेला दिसते म्हणून सदस्यांत मोजली जाते. तप्त वायूच्या क्ष-किरणांवरूनही अंदाज बांधता येतो, पण समूहातला वायू विरळ आणि त्याची प्रभा मंद. शिवाय बहुतांश वस्तुमान कृष्णद्रव्याचे, आणि ते तर दिसतच नाही.

इथे आइन्स्टाइन मदतीला येतात. वस्तुमानाजवळून जाणारा प्रकाश वळतो, हे २९ मे १९१९च्या खग्रास सूर्यग्रहणात एडिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या निरीक्षणांतून दिसले. दीर्घिकासुद्धा भिंगासारख्या वागतील, असे फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३७मध्ये सांगितले. १९७९मध्ये एकाच क्वासारच्या दोन प्रतिमा सापडल्या आणि गुरुत्वीय भिंग प्रत्यक्षात आले. वाहत्या पाण्याखालचे गोटे वेडेवाकडे दिसतात, त्यावरून पाण्याच्या हालचालीचा अंदाज यावा, तसेच इथेही आहे. मागच्या दीर्घिकांची रूपे किती बिघडली, हे मोजले की मधल्या वस्तुमानाचा हिशेब लागतो. ते वस्तुमान दिसते की नाही, तप्त आहे की थंड, स्थिरावले आहे की नाही, याने फरक पडत नाही.

समूहाचा गाभा पुरेसा घन असेल आणि मागची दीर्घिका नेमकी रेषेत असेल, तर तिची प्रतिमा ताणली जाऊन कंस तयार होतो. छायाचित्रात मधोमध पिवळसर-लालसर लंबवर्तुळी दीर्घिका, भोवती तिच्या दोन-चार सोबतिणी आणि त्यांना वळसा घालणारी बारीक निळसर कोर दिसते. त्या कोरीची त्रिज्या आणि समूह व मागची दीर्घिका या दोन्हींची अंतरे कळली, की कंसाच्या आतले एकूण वस्तुमान हाती येते. एकट्या दीर्घिकेभोवती ही त्रिज्या साधारण एक-दोन विकला असते. एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग. समूहांचे कंस त्याहून मोठे, पण मोठ्या गुच्छांपेक्षा लहान असतात.

हवाईतल्या मौना केआवरील ३.६ मीटरच्या कॅनडा-फ्रान्स-हवाई दुर्बिणीने टिपलेल्या १५९ चौरस अंश आकाशात असे कंस शोधण्यात आले. आज पुण्याच्या ‘आयुका’त संशोधन करणाऱ्या अनुप्रीता मोरे यांनी सहकाऱ्यांसह २०१२मध्ये ही यादी प्रसिद्ध केली. संगणकाने कंसासारखे आकार हेरायचे आणि माणसांनी ते डोळ्यांनी पारखायचे, अशी ही रीत. १२७ संभाव्य भिंगांपैकी ५४ विशेष भरवशाची ठरली. प्रतिमांमधल्या अंतरांचा मेळ घालायला मध्यवर्ती दीर्घिका आणि कृष्णद्रव्य हे दोन्ही घटक हिशेबात धरावे लागले.

पुढे याच आकाशाची छायाचित्रे ‘स्पेस वॉर्प्स’ या लोकविज्ञान प्रकल्पात हौशी मंडळींसमोर ठेवली गेली. मधूनमधून मुद्दाम पेरलेले कृत्रिम कंस कोण ओळखतो, यावरून त्याच्या मताला किती वजन द्यायचे ते ठरे. सुमारे ३७,००० जणांनी ५९ नवे उमेदवार शोधून दिले.

कंस मात्र मोजक्याच समूहांना लाभतात. बाकीच्यांमागच्या दीर्घिका अगदी किंचित, जेमतेम टक्काभर ताणल्या जातात. आणि दीर्घिका मुळातच लांबट असल्याने हा ताण एकेकीत ओळखू येत नाही. मग शेकडो समूह एकावर एक ठेवून सरासरी काढतात. मूळ आकार परस्परांना छेद देऊन पुसले जातात, सामायिक ताण तेवढा उरतो.

२०१५मध्ये चिलीतल्या ‘किड्स’ सर्वेक्षणाच्या छायाचित्रांवरून सुमारे १,४०० समूह आणि गुच्छ असे तपासले गेले. समूहाची एकूण तेजस्विता जितकी जास्त, तितके वस्तुमानही जास्त, हे नाते आकड्यांत बसवता आले. त्याहून मोलाचा निष्कर्ष असा, की दीर्घिकांच्या केंद्रांतल्या महाकाय कृष्णविवरांची ऊर्जा वगळणारी संगणकीय प्रारूपे या मापांशी जुळेनात. ही ऊर्जा वायू तापवते, बाहेर ढकलते आणि नव्या ताऱ्यांचा जन्म रोखते. समूहाचे गुरुत्व गुच्छाइतके जबरदस्त नसल्याने तिथे हा परिणाम ठळक होतो.

१ जुलै २०२३ रोजी झेपावलेली ‘युक्लिड’ अवकाश दुर्बीण आता आकाशाचा सुमारे एक तृतीयांश भाग दीर्घिकांच्या रूपांतला हाच ताण मोजत धुंडाळते आहे. समूहांची संख्या वाढेल तशी सरासरी अधिक नेमकी होईल. दीर्घिका वाढतात कशा आणि त्यांची वाढ थांबते कशाने, या प्रश्नाचा निकाल लागायचा, तर तो या मधल्या वजनाच्या समूहांतच लागेल.