वाफेचं इंजिन, तळहाताएवढं

नाशिकहून मी बोलतोय. वाफेच्या इंजिनाचं मॉडेल घ्यायचंय? मग आधी ठरवा, फक्त दिसायला वाफेचं हवं की खरंच वाफेवर पळणारं?

पहिल्या प्रकारात सगळ्यात जास्त चालतो तो एचओ स्केल, म्हणजे १:८७. दोन रुळांत अंतर १६.५ मिलिमीटर. धुरांड्यातून धूर आला तरी तो तेलाचा. चाकं मोटरच फिरवते. सुरुवात इथूनच करा. घेण्याआधी पुण्यात कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम बघून या, १९९८ पासून आहे ते.

खऱ्या वाफेचं गणित मात्र कडक आहे. इंजिन दहापट लहान केलं की बॉयलरचा पृष्ठभाग शंभरपट घटतो, आणि आतलं पाणी हजारपट! म्हणजे पाण्याच्या मानाने उष्णता दहापट वेगाने निसटते. म्हणून दिवा सतत पेटता लागतो, आणि एवढंसं पाणी बघता बघता संपतं. कोरडा बॉयलर तापला की सोल्डर वितळू शकतं. त्यामुळे स्पिरिट एवढंच भरायचं, की पाण्याच्या आधी दिवा विझेल. सेफ्टी व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. घरातलं मोठं कुणीतरी शेजारी हवंच. आणि व्हिडिओ बघून पत्र्याच्या डब्याचा बॉयलर? अजिबात नको, भावांनो.