ग्रीन कार्ड आणि लांबलेला मुक्काम

मुलगा अमेरिकेचा नागरिक झाला की अम्मी-अब्बांसाठी ग्रीन कार्ड काढतो. त्यांचा जीव मात्र कोकणातल्या घरात. कुणाचं लग्न, कुणाचं आजारपण, मग रमजान, मुक्काम लांबतो. परतल्यावर तिथल्या विमानतळावर वेगळ्या खोलीत बसवून चौकशी होते. आपल्याला वाटतं, नाव पाहूनच अडवलं. जानेवारी २०१७मध्ये सात मुस्लिमबहुल देशांवर बंदी आली, तेव्हा ग्रीन कार्डवाल्यांनाही रोखलं होतं. त्यामुळे ही शंका अगदीच निराधार नाही. पण भारत त्या यादीत नव्हता. आपल्या लोकांना बहुधा नडतात ते दिवस.

१८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की चौकशी कडक होते. सलग वर्ष उलटलं तर नुसतं कार्ड पुरत नाही. लांब राहायचं असेल तर री-एंट्री परमिटचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो. भारतात आल्यावर तो करता येत नाही.

सर्वांत जपायचं ते आय-४०७ या फॉर्मला. त्यावर सही म्हणजे कार्ड स्वखुशीने सोडलं. प्रवासाने थकलेला, इंग्रजी न जाणणारा माणूस सुटका म्हणून सही करून मोकळा होतो. सहीची सक्ती नाही. नकार दिला तर प्रकरण इमिग्रेशन न्यायाधीशापुढे जातं. मुलांनी हे अम्मी-अब्बांना विमानात बसण्यापूर्वीच समजावून सांगावं, आणि दुभाषी मागायलाही.