ब्रेकचें तेल
गेल्या वैशाखांत महाबळेश्वराहून सहकुटुंब परतत असतां पसरणीच्या घाटांत आमच्या मोटारीच्या ब्रेकचें पेडल एकाएकीं तळाशीं गेलें. चिरंजीवांनीं प्रसंगावधान राखून खालचा गियर टाकला व हँडब्रेकनें गाडी कशीबशी थांबविली. मागें तीन नातवंडें झोंपलीं होतीं.

गाडी निवल्यावर पेडल पूर्ववत् झालें. तेव्हां संकट टळलें असेंच सर्वांस वाटलें. परंतु वाईच्या एका लहानशा गॅरेजांतील मिस्त्रींनीं तेलाच्या डबीचें झांकण काढून विचारिलें, “मास्तर, हें कधीं बदललं होतं?” गाडी घेतल्यास सहा वर्षें झालीं होतीं, तेल एकदांहि बदललें नव्हतें.

पायाचा दाब चाकांपर्यंत तेल नेतें, कारण द्रव पदार्थ सहसा दबत नाहीं. मात्र हें तेल हवेंतील ओलावा शोषितें. ‘डॉट ४’ जातीचें नवें तेल निदान २३० अंश सेंटिग्रेडपर्यंत उकळत नाहीं. ओलावा मुरल्यावर ती मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरते. उतारावर सतत ब्रेक दाबल्यानें तें उकळतें, आणि त्याची वाफ मात्र सहज दबते!

मिस्त्रींनीं एकेका चाकापाशीं नळी लाविली. पोरगा पेडल दाबी, मिस्त्री स्क्रू सैल करीत; काळसर तेल जाऊन स्वच्छ तेल बुडबुड्यांवांचून येईपर्यंत हें चाललें.

दर दसऱ्यास आम्ही मोटारीस झेंडूची माळ घालीत आलों, पण तें झांकण कधीं उघडलें नाहीं. वाचकहो, दर दोन वर्षांनीं हें तेल बदलावें, आणि घाट खालच्या गियरवरच उतरावा.