विसावी इमारत
अमेरिकेतील मेन्लो पार्क येथे सन मायक्रोसिस्टिम्स या संगणक कंपनीच्या आवारात १९ इमारती होत्या. विसावी, ‘एमपीके २०’, केवळ संगणकाच्या पडद्यावर उभी राहिली, कारण दूरवरून काम करणाऱ्यांना एकत्र बसण्यासाठी जागा हवी होती. ती ‘वंडरलँड’ या मुक्तस्रोत प्रणालीवर, म्हणजे जिची मूळ संहिता कोणालाही वाचता व बदलता येते अशा प्रणालीवर, बांधलेली होती. तेथे वापरकर्त्याची प्रतिकृती जवळ गेली की समोरच्याचा आवाज मोठा होई, दूर सरकली की क्षीण होई. शिवाय भिंतीवरचा दस्तऐवज सर्वांना मिळून सुधारता येई. २०१० मध्ये ओरॅकलने कंपनी विकत घेतल्यावर अर्थसाहाय्य थांबले. मात्र संहिता खुली असल्यामुळे स्वयंसेवकांनी ‘ओपन वंडरलँड’ या नावाने काम पुढे नेले.