कागद, कामट्या आणि खळ

पोळ्याच्या बाजारात बैलांच्या साजाशेजारी बेगड आणि रंगीत कागद दिसू लागले, की वर्धा जिल्ह्यात सजावटीचा हंगाम सुरू झाला असे समजावे. श्रावण अमावस्येला पोळा, दुसऱ्या दिवशी लाकडी बैल घेऊन दारोदार फिरणाऱ्या पोरांचा तान्हा पोळा, मग गणपती, महालक्ष्म्या, मुलींची भुलाबाई, नवरात्र, कोजागिरी आणि शेवटी आश्विन अमावस्येचे लक्ष्मीपूजन. दोन महिन्यांत घर इतक्यांदा सजवायचे, आणि तेही हात आखडलेला असताना.

देवळी तालुक्यातले नाचणगाव हे पुलगावला लागून असलेले मोठे गाव. भोवती कापूस, तूर आणि सोयाबीन. पोळ्याला पीक अजून शेतात उभे असते आणि बियाणे, खते, फवारणी यांवर पैसा जाऊन बसलेला असतो. सोयाबीन घरात येते ते दसरा-दिवाळीच्या सुमारास. कापसाची पहिली वेचणीही त्याच दिवसांतली. म्हणजे सणांची गर्दी आधी आणि पैसा नंतर. अशा पंचक्रोशीत स्वस्त सजावट ही हौसेची गोष्ट नसते, वर्षाच्या हिशेबातच ती बसलेली असते.

भुलाबाईचेच पाहा. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत विदर्भातल्या मुली ती मांडतात आणि अनेक घरी तिच्यावर ज्वारीच्या धांड्यांची खोपडी उभी करतात. धांडे शेतातले, गाठी सुतळीच्या, वरून रंगीत कागदाची झालर. विकत आणायचा तो कागद तेवढा. अलीकडच्या दशकांत सोयाबीनने ज्वारीचा पेरा मागे रेटला आणि धांडाच दुर्मीळ झाला. तुराट्या मात्र अजून जवळपास प्रत्येक शेतकऱ्याच्या घरामागे रचलेल्या असतात. सरळ, हलक्या आणि चिवट असल्याने दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या सांगाड्यालाही त्या चालून जातात.

आकाशकंदिलाचा अस्सल सांगाडा मात्र बांबूच्या कामट्यांचा. बुरुडाकडून कामट्या आणायच्या, चाकूने तासून तुसे काढायची, सारख्या मापाने कापायच्या आणि सांधे दोऱ्याने आवळायचे. खिळा मारला की कामटी चिरते, म्हणून दोराच हवा. पतंगी कागद मापापेक्षा बोटभर जास्त कापायचा, म्हणजे कडा कामटीवरून आत दुमडता येतात. मग खळ. वाटीभर मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या न राहू देता कालवायचा, त्यात चार वाट्या पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहायचे. पांढरटपणा जाऊन चकाकी आली की उतरवायचे. पुस्तकबांधणीवाले खळीत चिमूटभर मोरचूद घालतात, त्यामुळे झुरळे आणि कसर तिच्या वाटेला जात नाहीत. पण मोरचूद विषारी असते. मुले खळ कालवणार असतील तर ते टाळावे आणि लागेल तेवढीच ताजी खळ शिजवावी.

चिकटवलेला कागद सैल, सुरकुतलेला दिसला तरी हरकत नाही. त्यावर पाण्याचा अगदी हलका फवारा मारून कंदील सावलीत ठेवायचा. ओले झालेले तंतू वाळताना आवळतात आणि कागद ताशाच्या कातड्यासारखा ताणून बसतो. फवारा जास्त झाला तर रंग उतरतो आणि कागद फाटतो, तेव्हा कडेच्या तुकड्यावर आधी करून पाहिलेले बरे. आत पूर्वी पणती असायची, नंतर साधा बल्ब आला. दोन्हींच्या उष्णतेने कागद करपायचा. एलईडी दिवा त्या मानाने फार कमी तापतो. तरीही तो कागदाला टेकणार नाही आणि वायरीचा जोड उघडा राहणार नाही, हे पाहावेच लागते.

कागदी माळेचा हिशेब तर आणखी सोपा. ए-४ मापाच्या एका कागदातून ३ सेंटिमीटर रुंद आणि २१ सेंटिमीटर लांब अशा ९ पट्ट्या निघतात. एकीत एक अडकवून कड्या चिकटवल्या की अर्ध्या मीटरच्या आसपास साखळी होते. अशा १० कागदांत दाराला वळसा घालून खिडकीपर्यंत पोहोचता येते. मागच्या वर्षीच्या वह्यांची उरलेली पाने, जुनी दिनदर्शिका, लग्नपत्रिका, सारे यात खपते.

उरलासुरला कागद असा वापरण्याला वर्ध्यात मोठी परंपरा आहे. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ वर्ध्यात स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या जागेला मगनलाल गांधींच्या नावावरून मगनवाडी म्हणू लागले आणि अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा संघाचे काम पाहू लागले. घाण्याचे तेल, मधमाश्या, गूळ यांबरोबर हातकागदाचे प्रयोगही तिथे झाले. कागदाची बाजू के. बी. जोशी यांनी सांभाळली. पुढे १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली तीही त्यांच्याच प्रयत्नांतून. मगनवाडीतले मगन संग्रहालय ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते खुले झाले.

हातकागद चिंध्यांपासून होतो आणि कापसाचा तंतू त्यासाठी उत्तम. कापूस पिकवणाऱ्या आणि पुलगावच्या कापडगिरणीसाठी ओळखल्या गेलेल्या या पट्ट्याला तो शोभून दिसणाराच होता. पण हातकागद गिरणीच्या कागदाहून महाग पडतो, तेव्हाही पडत होता. झालरी-पताकांसाठी तो परवडणार नाही. वर्ध्याकडून उचलायची गोष्ट वेगळी आहे. आलेली पाकिटे उलगडून आतल्या कोऱ्या बाजूवर लिहिणे, पत्रांची पाठ वापरणे ही गांधीजींची रोजची रीत होती. सजावटीची काटकसर तिथून सुरू होते. कोणता कागद आणावा याआधी कोणता कागद अजून संपलेला नाही, हे पाहायचे.

जवळच्या साहित्यातून मोठी सजावट उभी राहते याचा दाखला त्याच काळातला आहे. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन पहिल्यांदाच एका खेड्यात, खानदेशातल्या फैजपूरला भरले. गांधीजींच्या सांगण्यावरून शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबू आणि आसपास मिळणाऱ्या साध्या साहित्यातून तिथली सजावट केली. पुढे १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनासाठी त्यांनी हातकागदावर गावकऱ्यांच्या रोजच्या कामांची चित्रे रंगवली.

कुमारप्पांनी तुरुंगात लिहिलेल्या 'इकॉनॉमी ऑफ परमनन्स' या ग्रंथात निसर्गसंपत्तीचे दोन प्रकार केले आहेत. कोळसा, तेल, खनिजे ही साठ्यातून काढायची, ती सरतात. पीक, लाकूड, कापूस हे पुन्हा येत राहते. थर्माकोल खनिज तेलातून येतो, म्हणजे पहिल्या खात्यातला. कामटी, धांडा, चिंधी दुसऱ्या खात्यातली. तरीही मधली काही दशके मखर म्हणजे थर्माकोल असेच समीकरण होते. कापायला सोपा, वजनाला हलका आणि मंडपात उठून दिसणारा, मग कामट्या तासत कोण बसणार?

ते समीकरण कायद्याने मोडले. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात प्लास्टिकच्या अनेक वस्तूंबरोबर सजावटीच्या थर्माकोलवरही बंदी आली. १ जुलै २०२२ पासून लागू झालेल्या केंद्राच्या एकल-वापर बंदीच्या यादीत सजावटीचा थर्माकोल आहे आणि प्लास्टिकचे झेंडेही आहेत.

बंदीनंतर बाजारात कागदी म्हणून बरेच काही आले, त्यातले सगळे कागद नसते. कोपरा फाडून पाहिला की कळते: कागद फाटताना कडेला लव दिसते, प्लास्टिकचा थर असला तर तो ताणला जातो. चमकी चिकटवलेला किंवा लॅमिनेट केलेला कागद रद्दीवाला सहसा घेत नाही आणि खताच्या खड्ड्यातही तो कुजत नाही. जिलेटिन म्हणून मिळणारा पारदर्शक रंगीत कागद बहुतेकदा प्लास्टिकच असतो. पतंगी आणि साधा घोटीव कागद या बाबतीत निर्धोक.

दिवाळी उरकली की कंदिलाचा कागद ओल्या फडक्याने भिजवून उतरवायचा. मैद्याची खळ पाण्याने सुटते, फेव्हिकॉल तितक्या सहज सुटत नाही, म्हणून सांगाडा पुन्हा वापरायचा असेल तर खळच बरी. सांधे नव्याने आवळून तो माळ्यावर टांगून ठेवला, की पुढच्या वर्षीचा खर्च पतंगी कागदाच्या चार-पाच तावांवर आणि दोऱ्याच्या एका रिळावर येतो.