शिफ्ट सुटल्यावरचे हात

कागल पंचतारांकित एमआयडीसीत पहिली शिफ्ट सुटायची वेळ झाली, की मशीन शॉपमधल्या नळापाशी गर्दी होते. कुणी कपडे धुण्याची पावडर हातावर घेतो, कुणी लाकडाचा भुसा चोळतो, कुणी वेस्ट थिनरमध्ये बुडवून नखांच्या कडा पुसतो. पाच मिनिटांत काळे हात पांढरे होतात आणि मोटारसायकली कसबा सांगाव, हुपरी, निपाणीच्या दिशेने सुटतात. रात्री जेवताना झणझणीत कालवणात बोट बुडाले, की पेरांवरच्या बारीक भेगा जाणवतात. ‘कामाचे हात आहेत, असेच असणार,’ असे म्हणून विषय संपतो. त्या भेगा मात्र महिनोन्‌महिने तशाच राहतात.

त्वचेचा सर्वांत वरचा थर कागदापेक्षाही पातळ असतो. त्यात मृत पेशी एकावर एक रचलेल्या असतात आणि दगडी भिंतीच्या सांध्यांत चुना भरावा तसे त्यांच्यामध्ये स्निग्ध पदार्थ भरलेले असतात. पाणी आत धरून ठेवणे आणि रसायने बाहेर अडवणे, ही दोन्ही कामे हा थर करतो. निरोगी त्वचेचा सामू साधारण पाचच्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल असतो. साध्या साबणाचा नऊ ते दहा असतो आणि कपड्यांच्या पावडरीचा त्याहून जास्त असू शकतो. थिनर तर सांध्यांतला चुनाच विरघळवून नेतो. म्हणजे दिवसभर तेलाने जेवढे नुकसान केले नसेल, तेवढे ते तेल काढण्याच्या पाच मिनिटांत होऊ शकते.

सीएनसी आणि लेथवर काम करणाऱ्यांची गोष्ट जरा वेगळी आहे. त्यांच्या हातांवर आठ तास कूलंट उडत असते. त्यात बहुतांश पाणी असते. तेल, साबणासारखे द्रव्य, गंज रोखणारी रसायने आणि ते सडू नये म्हणून घातलेली जंतुनाशके हा उरलेला भाग. हे मिश्रणही अल्कधर्मीच असते. टाकीतले पाणी उडून जाऊन ते दाट झाले, तर त्वचेला अधिक झोंबते. त्यात धातूचा बारीक चुरा मिसळला, की दर वेळी हात पुसताना कातडीवर सूक्ष्म ओरखडे उठतात. व्यावसायिक आरोग्यशास्त्रात एका शिफ्टमध्ये दोन तासांहून अधिक वेळ हात ओले राहणे किंवा वीसपेक्षा अधिक वेळा हात धुणे, याला ‘ओले काम’ म्हणतात. त्या हिशेबाने इथला ऑपरेटर, कँटीनमधली भांडी घासणारी मावशी आणि घरी धुणीभांडी करणारी गृहिणी एकाच रांगेत येतात. तिघांच्याही हातांना होणारा इसब बहुधा एकाच जातीचा असतो. तो ॲलर्जीतून आलेला नसतो. थोडी थोडी झीज साठत जाते आणि एक दिवस भिंत फुटते.

खरी ॲलर्जी कमी जणांना होते, पण ती जास्त महागात पडते. कूलंटमधली जंतुनाशके, निकेल, सिमेंटमधले क्रोमियम, रेझिन, रबरी हातमोज्यातली रसायने यांपैकी एखाद्याची एकदा ॲलर्जी जडली, की ती सहसा आयुष्यभर राहते. मग अगदी थोडा संपर्कही पुरतो. ज्याच्या हातात वीस वर्षांचे कसब आहे, त्याला मशीन सोडून दुसरे काम शोधावे लागते. साध्या भेगांकडे वेळीच लक्ष द्यायचे ते यासाठी, कारण फाटलेल्या कातडीतून अशी रसायने सहज आत शिरतात.

हातमोजे घाला, हा सल्ला देणे सोपे आहे. पण फिरत्या चकजवळ किंवा ड्रिलजवळ हातमोजे घालणे धोक्याचे असते. मोजा अडकला तर बोटासह आत ओढला जातो. त्यामुळे मशीन चालू असताना उघडे हात आणि मशीन थांबवून जॉब काढताना, टाकी साफ करताना, भाग धुताना नायट्राइलचे मोजे, अशी विभागणी करावी लागते. मोजा आतून ओला झाला तर तो बदलायलाच हवा. नाही तर कूलंटचीच पट्टी हाताला बांधल्यासारखे होते.

कामाआधी लावायच्या संरक्षक क्रीमबद्दल मोठमोठे दावे केले जातात. कोक्रेन या संस्थेने २०१८मध्ये अशा नऊ चाचण्यांचा आढावा घेतला. त्यात धातुकाम करणारे कामगार, परिचारिका, सफाई कर्मचारी असे २,८८८ जण होते. नुसत्या संरक्षक क्रीमचा फायदा झाला तर थोडाच, पण नियमित मॉइश्चरायझर लावल्याने हातांचा इसब टळण्याची शक्यता अधिक, असा त्याचा कल होता. त्यासाठी महागडी बाटली लागत नाही. साधी पेट्रोलियम जेली चालते. सुगंध नसेल तर उत्तमच. हात सौम्य साबणाने, कोमट किंवा साध्या पाण्याने धुवून, टिपून, अजून ओलसर असतानाच ती लावावी आणि रात्री झोपताना पुन्हा लावावी. बोटांच्या बेचक्या आणि अंगठीखालची जागा हमखास विसरली जाते. साबण तिथेच साचतो. भेगा मिटल्या की क्रीम सोडून देणे ही दुसरी नेहमीची चूक. वरून बरी दिसणारी त्वचा आतून पूर्ववत व्हायला आणखी कित्येक आठवडे लागतात.

प्रत्यक्षात मात्र बहुतेकांचा उपचार मेडिकलच्या काउंटरवर सुरू होतो. दवाखान्यासाठी खाडा पडतो आणि कंत्राटी कामगाराला तो परवडत नाही. खाजेवर ‘चांगली ट्यूब’ मागितली, की अनेकदा स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेली ट्यूब मिळते. दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून तीच ट्यूब मित्राला, भावाला आणि घरातल्या लहान मुलालाही लावली जाते. खाज जर नायट्याची असेल, तर स्टिरॉइड फक्त लाली दाबते. बुरशी खाली पसरत राहते. जांघेतला रुपयाएवढा डाग कमरेपर्यंत जातो. पुढे कातडी पातळ होते, तिच्यावर कायमचे पट्टे उमटतात. भारतात गेल्या दशकभरात चिवट नायट्याची जी साथ पसरली, तिच्यामागे अशा ट्यूबांचा मोठा वाटा असल्याचे त्वचारोगतज्ज्ञ सांगत आले आहेत. या साथीतल्या बुरशीला २०२०मध्ये जे नाव मिळाले, त्यातच आपल्या देशाचे नाव आहे : ट्रायकोफायटन इंडोटिनी. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला ती पुष्कळदा दाद देत नाही. स्टिरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकता येऊ नयेत, असा नियम २०१८मध्ये झाला. काउंटरवर तो किती पाळला जातो, हे गिऱ्हाइकाला चांगलेच ठाऊक आहे.

पावसाळ्यात हा नायटा जोरात असतो. ओले मोजे आणि सेफ्टी शूज आठ-दहा तास पायात राहिले, की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. मोज्यांची कोरडी जोडी डब्याबरोबर पिशवीत ठेवणे आणि बूट दिवसाआड उन्हात वाळवणे, यासारखा स्वस्त उपाय नाही. याच दिवसांत मोकळ्या प्लॉटवर गाजरगवत फुलते. पुण्याजवळ १९५०च्या दशकात पहिल्यांदा नजरेत आलेल्या या गवताने काही जणांच्या पापण्या, मान आणि कोपरांच्या घड्यांवर खाजरा इसब उठतो. फाउंड्रीत उन्हाळा बारमाही असतो. तिथे घामोळ्यांवर पावडरीचे थर देण्यापेक्षा सुती बनियन बदलणे बरे. डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या गारठ्यात मोटारसायकलवरून येणाऱ्याचे हात कामाआधीच कोरडे पडलेले असतात.

कारखान्यातले तेल घरीही जाते. मांडीवर तेल मुरलेल्या पँटमुळे तिथे काळ्या पुटकुळ्या उठतात. लँकेशायरच्या सूतगिरण्यांत यंत्रावर वाकून काम करणाऱ्या कामगारांचे कपडे असेच तेलात भिजत आणि त्यांच्यात वृषणाच्या त्वचेचा कर्करोग आढळत असल्याची नोंद १९२२मध्ये झाली. आजची तेले बरीच शुद्ध केलेली असतात आणि धोका कितीतरी कमी आहे, तरी तेलकट वेस्ट खिशात ठेवण्याची सवय मोडलेली बरी. हे कपडे बाळाच्या दुपट्यांबरोबर धुऊ नयेत. बाळाची त्वचा मोठ्यांपेक्षा पातळ असते, म्हणून डाळीच्या पिठाने ती खसाखसा चोळण्याचीही गरज नाही. घरातल्या आजीची त्वचा वयामुळे कोरडी असते. तिच्या पायांना आंघोळीनंतर खोबरेल किंवा कोकमाचे तेल पुरते.

खनिज तेलांमुळे होणारा त्वचादाह आणि ‘ऑइल ॲक्ने’ हे कायद्याने कळवणे बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत आहेत. पण त्यासाठी आधी निदान कामाशी जोडले जावे लागते. साप्ताहिक सुट्टीत किंवा गावच्या जत्रेला चार दिवस रजा घेतल्यावर हात सुधारतात आणि कामावर परतल्यावर पुन्हा बिघडतात का, हे कॅलेंडरवर टिपून ठेवावे. ईएसआय दवाखान्यात किंवा कोल्हापूरच्या सीपीआरमध्ये जाताना ही टिपणे आणि कूलंटच्या ड्रमवरच्या लेबलचा मोबाइलवर काढलेला फोटो दाखवावा. ॲलर्जीचा संशय आला, तर संशयित पदार्थांच्या पट्ट्या पाठीवर चिकटवून दोन दिवस ठेवतात आणि काढल्यानंतरही पुन्हा एकदा तपासतात. तेवढे दिवस पाठ ओली करायची नसते, त्यामुळे घामाच्या दिवसांत नव्हे, तर हिवाळ्यात ही चाचणी करून घेणे सोयीचे पडते.