पंख्याला बार्नॅकल धरू नयेत म्हणून

मुंबईत अँटॉप हिलच्या जवळच असलेल्या शिवडी बंदरात ओहोटीला चिखलात टेकलेल्या बोटींचे पंखे नीट पाहता येतात. पातींवरचा खरबरीत पांढरा थर म्हणजे बार्नॅकल, खडकाला चिकटून राहणारे छोटे कवचधारी जीव. हा थर चढला की पंखा पाणी नीट कापत नाही, इंजिनावर ताण येतो आणि डिझेल जास्त जळतं.

आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते. बोट वर ओढली की पंखा त्याच दिवशी खरवडायला घ्या. ओले बार्नॅकल सहज निघतात, वाळले की दगडासारखे बसतात.

सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. कवच उडालं की काम झालं असं वाटतं, पण पातीवर नखाएवढं पांढरं कडं उरतं. तो बार्नॅकलचा तळ. समुद्रात तरंगणारी त्यांची पिल्लं जागा शोधताना आपल्या जातीच्या जुन्या खुणा ओळखतात आणि तिथेच बसतात. शिवाय कड्यावर लावलेला रंग कड्यासकट सुटतो. म्हणून लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, मग पाणी लावून पॉलिश पेपरने घासा. पातीवर हाताचं बोट फिरवल्यावर कुठेच खरबरीत लागलं नाही तरच पुढे जा. खाली ताडपत्री अंथरून खरवड गोळा करा. जुन्या रंगातलं तांबं खाडीतल्या जिवांना घातक असतं.

मग थिनरने पुसून तेलाचा अंश काढा. त्यानंतर धातूला हात लावू नका, बोटांचा तेलकटपणाही पुरतो.

रंगासाठी उघडीप पाहा. जुलैच्या दमट हवेत गार धातूवर न दिसणारी ओल धरते, आणि त्यामुळे रंग सुटतो. आधी प्रायमर, म्हणजे धातू आणि रंग यांना जोडणारा पहिला हात. डब्यावर दिलेल्या वेळेतच वरचा हात द्या.

बोटीच्या तळाला लावतात तो तांब्याचा रंग पातींच्या टोकांवरून लवकर झिजतो. पंख्यासाठी सिलिकॉनचा गुळगुळीत लेप जास्त टिकतो. त्यात विष नसतं. जीव बसतो, पण त्याची पकड कच्ची राहते आणि पंखा फिरला की तो सुटतो. म्हणजेच बोट महिनोन्‌महिने उभी असेल तर हा लेपही हतबल. अधूनमधून इंजिन चालवायलाच हवं. कथिलाच्या संयुगाचे जुने रंग परिणामकारक होते, पण त्यांनी शिंपल्यांची आणि शंखांची वाढ बिघडवली. २००८ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने ते बंद झाले.

शाफ्टवरचं झिंक, म्हणजे पंख्याऐवजी स्वतः झिजणारा जस्ताचा तुकडा, कधीही रंगवू नका. रंगवलं तर ते निकामी होतं. पितळी पंख्यातून थोडं तांबं पाण्यात झरतं आणि ते जिवांना दूर ठेवतं. झिंक ही झीज थांबवतं, त्यामुळे धातू वाचतो पण बार्नॅकलना मोकळं रान मिळतं. तरी झिंक काढू नका. झिजलेली पाती भरून येत नाही, बार्नॅकल मात्र खरवडता येतात.

बोट बराच काळ पाण्यात उभी राहणार असेल तर काही जण पंख्याला जाड प्लास्टिकची पिशवी बांधतात. उपाय चांगला आहे, फक्त इंजिनाची किल्ली त्याच दिवशी काढून तिला चिठ्ठी बांधा: पंख्याला पिशवी आहे.